लाकोम्बचा मुक्काम

मोंफेर्म गढी
सेंट मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, नोव्हेंबर १२३१

चि. एमेरिक यास आल्पाइस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू वेढ्यावर गेलास त्याला अडीच महिने झाले. इकडे सगळं ठीक आहे. चेस्टनट वेचून धुरावर वाळवून झाले, नवी वाइन पिंपात उतरली, आणि तुझी बायको आता जिना चढताना मधल्या पायरीवर टेकते. सहावा संपून सातवा लागलाय. सुईण म्हणते, फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाच्या मागेपुढे.

फ्लोरी कशी राहते म्हणून विचारलंस. हट्टाने राहते. मी घास भरवायला गेले की म्हणते, "आत्याबाई, भरवून घेणारा अजून यायचाय, त्याच्यासाठी हौस राखून ठेवा." दोन थोट्या हातांमध्ये वाडगा धरून सूप पिते, थेंब सांडत नाही. मी तिला वाचायला शिकवते आहे. पान मी उलटते, ओळ ती वाचते. चुकली की मी ओरडते, आणि ती हसते. माझ्या ओरडण्यावर हसणारं या घरात तुझ्यानंतर हेच एक माणूस.

गेल्या आठवड्यात तिने आपणहून सगळं सांगितलं. तुला ठाऊक असणार, मला नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी तिचा बाप धन्याच्या कोठाराचा राखणदार होता. मागच्या दाराशी गावातली पोरं पडलेली असायची. हिने ओंजळी भरभरून धान्य दिलं. धन्याला कळलं. तेव्हा बापाने आपली मान वाचवायला तिला अंगणात आणलं आणि सगळ्यांसमोर, धन्याने सांगायच्या आधीच, स्वतःच्या कुऱ्हाडीने तिचे हात तोडले. एमेरिक, तू तिला आपल्या द्राक्षमळ्यात पहिल्यांदा पाहिलंस, वेलीवरचा घड ओठांनी खाताना, तेव्हा "शिपायाला बोलाव" असं म्हणणारी मीच होते. त्याची लाज आता वाटते.

तुझ्या आईने मात्र आश्चर्य केलं. लग्नात "हात चोराचेच तोडतात" असं पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललेली माझी वहिनी, तिने लाकोम्बहून पाळणा पाठवलाय. अक्रोडाचा, जुना, तुझाच. बरोबर निरोप: "पोर जन्मलं की आधी हात मोजा." थट्टाच असेल. म्हातारपणी माणूस मऊ होतं म्हणतात. मी झाले नाही, पण ती होत असेल.

हे पत्र गोसेल्म घेऊन येतोय. बर्फ पडलं की खिंडीच्या अलीकडे लाकोम्बशिवाय छप्पर नाही, म्हणून जाता-येता त्याचा मुक्काम तिथेच. आईला त्याच्या हाती चार शब्द पाठवत जा. तिलाही बरं वाटेल.

तुझी
आल्पाइस आत्या


वेढ्याची छावणी
सेंट लुसीचा सण, डिसेंबर १२३१

प्रिय आत्या,

मी बोलतोय आणि फादर इसार्न लिहितोय. त्याला खोकला आहे, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर माझ्यावर ओरडू नकोस. लहानपणी तू शिकवत होतीस तेव्हा मी ससाण्याच्या मागे पळायचो. आता प्रत्येक शब्दासाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं.

इथे समुद्राचं पाणी तंबूत येतं. शहराच्या भिंती उंच आहेत आणि आतले लोक मांजरं खायला लागलेत, तरी दार उघडत नाहीत. आपली तेरा माणसं गेली, लढून चार, बाकी तापाने. राजा म्हणतो ईस्टरपर्यंत. गेल्या वर्षीही ईस्टरच म्हणाला होता.

फ्लोरीला सांग, मी रोज मिस्साच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतो. आणि हे तिला सांगू नकोस, पण मला भीती वाटते. बाळंतपणाची. माणूस मारताना वाटत नाही तेवढी. बाळ होताच, त्याच दिवशी गोसेल्मला घोड्यावर बसव.

आईने पाळणा पाठवला हे ऐकून मी फादर इसार्नला मिठी मारली, शाई सांडली. मी तिच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा ती म्हणाली होती, "एक दिवस तूच त्या बाईला दाराबाहेर काढशील, माझ्यावर पाळी येणार नाही." ते आता तिच्या मनातून गेलं असेल ना? तुला काय वाटतं?

तुझा
एमेरिक


लाकोम्ब
नाताळच्या आधीचा रविवार, १२३१

चि. एमेरिकास आईचे आशीर्वाद.

तुझा गोसेल्म दोन दिवस इथे होता. गुडघ्याएवढं बर्फ तुडवत आला, बिचारा. मी त्याला शेकोटीजवळ बसवलं, मध घालून गरम वाइन दिली. इतका गाढ झोपला की पायातले बूट काढले तरी हलला नाही. थैली उशाशी तशीच होती.

तुझ्यासाठी दोन लोकरी सदरे आणि हंसाच्या चरबीचं मडकं पाठवते. छातीला चोळत जा.

तुझ्या बायकोबद्दल मी काही बोलत नाही. बोलले की मी वाईट. लोक मात्र बोलतात. मळ्यात सापडली, कुळ नाही, मूळ नाही, आणि कायदा ज्याला हात तोडण्याची शिक्षा सांगतो तो गुन्हा उघड दिसतोय. अशा पोटी काय जन्मेल ते देवाला ठाऊक. मी रोज गुडघे टेकते, की माझ्या मुलाच्या घराण्यावर डाग येऊ नये. माझी प्रार्थना देवाने आजवर परत पाठवलेली नाही.

वन्संचं वय झालं रे. डोळ्यांना कमी दिसतं, मनाला येईल ते लिहितात. त्यांच्या पत्रात काही विपरीत वाटलं तर घाबरू नकोस. मला विचार.

तुझी आई
गार्सेंद


मोंफेर्म
मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस, फेब्रुवारी १२३२

एमेरिक, मुलगा झाला!

काल चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित होत असतानाच. एवढा मोठा, आणि आवाज तुझ्या आजोबांसारखा. दोन हात, दहा बोटं. वहिनीचा निरोप आठवून मी खरंच मोजली. मग स्वतःचीच चीड आली. केस काळे, कान तुझे, म्हणजे मोठे. आज सकाळी बाप्तिस्मा दिला. नाव ओदोन ठेवलंय, तुझ्या बाबांचं. आवडलं नसेल तर येऊन बदल.

फ्लोरी एक दिवस आणि एक रात्र कळा देत होती. ओरडली नाही. सुईण म्हणाली, "ओरड गं बाई, मला तुझीच भीती वाटायला लागली." तेव्हा म्हणाली, "माझं ओरडणं एकदा ओरडून संपलंय." मग बाळ तिच्या छातीवर ठेवलं. धरायला हात नाहीत, म्हणून तिने दुपट्याचं टोक दातांत पकडलं आणि दोन्ही थोटे हात त्याच्याभोवती असे लावले, की मला शेकोटीतलं लाकूड सारायचं निमित्त करून पाठ फिरवावी लागली. तिने विचारलं, "आत्याबाई, रडताय?" मी म्हटलं, "धूर आहे."

कारभारी बेर्त्रांने सगळ्या गढीला वाइन पाजली. तू ये म्हणजे झालं.

गोसेल्म आत्ताच निघतोय. बर्फ पुष्कळ आहे, पण लाकोम्बला ऊब मिळेल.

आल्पाइस आत्या


वेढ्याची छावणी
राखेच्या बुधवारनंतरचा शुक्रवार, फेब्रुवारी १२३२

आत्या,

तुझं पत्र आलं. फादर इसार्नने वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं आणि मग छातीवर क्रूसाची खूण केली.

तू लिहितेस की त्याला माणसाचं तोंड नाही. अंगभर केस आहेत, आणि तो रडत नाही, भुंकतो. की सुईण पळून गेली आणि फ्लोरी त्याला बघून हसते. तू असं कधी लिहिलं नव्हतंस. एक थट्टा नाही, एक टोमणा नाही. त्यावरूनच मला कळलं की खरं असणार.

मी दोन दिवस तंबूतून बाहेर आलो नाही. तिसऱ्या दिवशी कबुलीजबाब दिला. फादर इसार्न म्हणाला, देव जे देतो ते कोणाच्या तरी ओंजळीतच देतो. मग मी ठरवलं. आत्या, नीट ऐक. ते जे काही असेल ते माझं आहे. दोघांनाही सांभाळ. कोणाला जवळ फिरकू देऊ नकोस, दगड मारू देऊ नकोस. मी येईपर्यंत दोघांच्या केसालाही धक्का लागता कामा नये. फ्लोरीला सांग, मी रागावलेलो नाही. मी रडलो हे सांगू नकोस.

आईने मला आधीच लिहिलं होतं की काहीतरी विपरीत होईल. तिला कसं कळलं असेल?

एमेरिक


मोंफेर्म
सेंट जोसेफच्या सणाचा आदला दिवस, मार्च १२३२

एमेरिक,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचलं. मेण आपलं, मुद्रा आपल्या घराण्याची. आत लिहिलंय: "त्या बाईला आणि तिच्या पिल्लाला अंगणात जाळ. मी येईन तेव्हा राख थंड झालेली हवी. दया केलीस तर त्याच जागी तुझी पाळी." बेर्त्रांलाही वेगळा हुकूम आलाय, त्याच मुद्रेचा.

पिल्लू? कोणाचं पिल्लू? मी तुला मुलगा झाला म्हणून लिहिलं. तो इथे माझ्या मांडीवर आहे, माझ्या बाहीला दुधाचा वास येतोय.

युद्धात माणसं बिघडतात हे मला ठाऊक आहे. माझा नवरा एका युद्धावरून परत आला तो वेगळाच माणूस होता. वर्षभर मी त्याच्या उशाखालची सुरी काढत असे. तापात बोलला असशील, कोणी कान भरले असतील. पण हा हुकूम मी पाळणार नाही. बेर्त्रांलाही थोपवलंय. म्हटलं, "कारभारी, एक महिना थांबा. पोर कुठे पळून जातंय?" तो घाबरलाय. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही.

फ्लोरीला मी काही सांगितलेलं नाही. पण अंगणात लाकडं रचलेली तिला खिडकीतून दिसतात. काल विचारलं, "आत्याबाई, उन्हाळा तोंडावर आला, एवढी लाकडं कशाला?" मी म्हटलं, भट्टीसाठी. तिने मान हलवली. तिला खोटं कळतं. बापाच्या अंगणात शिकली आहे.

म्हणून तुला एक प्रश्न विचारते. तू सहा वर्षांचा असताना गिरणीच्या तळ्यात पडलास, आणि मी केसांना धरून तुला वर काढलं. शुद्धीवर आल्यावर पहिले शब्द काय बोललास? ते तुला आणि मलाच माहीत आहेत. उत्तर पाठव. उत्तरासोबत हाच हुकूम पुन्हा आला, तर तू तूच आहेस असं समजेन आणि मग काय करायचं ते माझं मी बघेन.

आल्पाइस


मोंफेर्म
सेंट मार्कच्या सणाचा आदला दिवस, एप्रिल १२३२

एमेरिक, माझ्या बाळा,

हे पत्र गोसेल्मच्या हाती नाही. रिचेंद नावाची एक यात्रेकरू विधवा आहे, पायी चालते, लाकोम्बला वळणार नाही. उशिरा पोचेल, पण पोचेल.

काल माझ्या प्रश्नाला "तुझं" उत्तर आलं. त्यात लिहिलंय, "पोरकट आठवणींना इथे वेळ नाही. आठ दिवसांत हुकूम पाळला गेला पाहिजे." तेव्हा मला कळलं. तू ते विसरणं शक्य नाही. तू म्हणाला होतास, "आत्या, माझा एक बूट तळ्यातच राहिला." हे वाचशील तेव्हा तुला पटेल की हे पत्र माझं आहे. बाकीची जी तुला मिळाली, त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस.

पत्रं लाकोम्बला बदलली जातात. गोसेल्मला मी समोर बसवून विचारलं. म्हणाला, "बाईसाहेब, तिथली वाइन प्यालो की सकाळी डोकं दगडासारखं होतं. थैली मात्र नेहमी जागेवरच असते." मी मूर्ख. पाळणा आला आणि मी विरघळले. आणि बेर्त्रां आता थांबायला तयार नव्हता. वहिनीची माणसं शनिवारी "बघायला" येणार आहेत.

म्हणून उद्या. सेंट मार्कची मिरवणूक दुपारी शेतांवर जाईल, गढी रिकामी होईल. तेव्हा फ्लोरी मुलाला छातीशी बांधून रिचेंदबरोबर निघेल. कुठे, ते लिहीत नाही. मलाही नको माहीत असायला. बेर्त्रांला सगळं सांगितलं; तो रडला, मग कामाला लागला. लोक मिरवणुकीवरून परत येतील तेव्हा सरण पेटलेलं असेल. आत हरणीची हाडं आणि फ्लोरीची शाल. ती मेली असं सगळ्यांना वाटलं पाहिजे, तरच कोणी शोधणार नाही. मी आणि बेर्त्रांने क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली आहे: तू समोर उभा राहीपर्यंत तोंड उघडायचं नाही.

फ्लोरीला सांगितलं. घाबरली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांनी असं लिहिलं नसेल ना?" मी म्हटलं, "नाही." म्हणाली, "मग मी चालेन."

लवकर ये. आणि येताना लाकोम्बला थांबू नकोस.

आत्या


लाकोम्ब
मे १२३२, स्वर्गारोहणाच्या सणाचा आदला आठवडा

माझ्या अभागी मुला,

कसं लिहू? मी मोंफेर्मला गेले ती सुनेला बघायला, मनात काही न ठेवता. अंगणात राख होती. शालीचा जळका तुकडा मी स्वतः उचलला.

वन्संनी केलं. तुझ्या मुद्रेचं एक पत्र दाखवून, तुझा हुकूम म्हणून. ते पत्र तू लिहिलं नाहीस हे मला आई म्हणून कळतं. त्यांना तुझ्या बायकोची पहिल्यापासूनच लाज वाटत होती. "शिपायाला बोलावा" कोण म्हणालं होतं, आठव. मी विचारलं, "वन्सं, हे खरं?" त्या गप्प. मी विचारलं, "पोर कुठे आहे?" गप्प. निरपराध माणूस गप्प बसतं का?

मी त्यांना लाकोम्बला आणून खालच्या खोलीत ठेवलंय. जेवण-पाणी वेळेवर देते. न्याय तुझा. तू सांगशील ते होईल, न सांगशील ते होणार नाही.

आई


वेढ्याची छावणी
जून १२३२

आई,

फादर इसार्न हे लिहायला तयार नव्हता. दुसऱ्याकडून लिहून घेतलंय.

ते पोर कसंही असो, मी आत्याला दोघांना सांभाळायला सांगितलं होतं. मला वाढवलं त्या बाईने हे केलं. मला तिचं तोंड बघायचं नाही. तिला काही विचारू नकोस, माझी वाट बघू नकोस. जे तिने केलं तेच, तशाच सरणावर, पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी. गोसेल्म घोडे बदलत येईल. राजाची परवानगी मिळाली की पाच-सहा दिवसांत मी मागोमाग निघतो.

एमेरिक, मोंफेर्मचा धनी


मोंफेर्म
सेंट मॅग्डलीनचा सण, जुलै १२३२

फ्लोरी,

हे मी स्वतः लिहितोय. अक्षरं मुलासारखी आहेत. फादर इसार्न शेजारी बसून दाखवतो, पण लिहितो मी. आठ दिवस लागले.

खिंडीच्या पलीकडे रिचेंद भेटली. तापाने महिनाभर वाटेत पडली होती. तिने आत्याचं पत्र दिलं. फादर इसार्नने तिथेच रस्त्यावर वाचलं. बुटाचं वाक्य आलं आणि मी घोड्यावर उडी मारली. गोसेल्म माझ्या पाच दिवस पुढे होता. मी दोन घोडे पळवून पळवून मारले. लाकोम्बला पोचलो तेव्हा सेंट जॉनचा सण होऊन चार दिवस झाले होते. आत्याला सणाच्या दुसऱ्या दिवशी जाळलं.

बेर्त्रांने सगळं सांगितलं. तिला सरणाकडे नेताना तो गर्दीत होता. त्याने तोंड उघडलं, तशी तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. "ती जिवंत आहे" एवढं एक वाक्य ती बोलली असती तर वाचली असती. मग आईची माणसं तुझ्या मागावर निघाली असती. म्हणून बोलली नाही.

मी आईपुढे गेलो. ती सूत कातत होती. बाबांबरोबर पुरली असं सांगितलेली त्यांची मुद्रा तिच्या पेटीत होती, लपवलीही नाही. मी विचारलं, "का?" म्हणाली, "घराण्यासाठी. तू मळ्यातून उचलून आणलंस, मला निस्तरावं लागलं." मी म्हटलं, "तू आत्याला मारलंस." तेव्हा तिने चाती थांबवली. म्हणाली, "बाकीची पत्रं मी बदलली, एमेरिक. हे एक तसंच ठेवलं. त्यात बदलण्यासारखं काहीच नव्हतं."

फ्लोरी, हे तुला सांगितलंच पाहिजे. पहिला हुकूम माझा नव्हता. दुसरा माझा होता. मी तिला एक शब्दही विचारला नाही.

आणखी एक. रागाच्या भरात मी ओरडलो, "तुला काहीच साधलं नाही, ती जिवंत आहे, माझा मुलगा जिवंत आहे!" आई पुन्हा कातायला लागली. मी तिला शिक्षा केलेली नाही. करवत नाही. लाकोम्बच्या दाराशी दोन पहारेकरी ठेवलेत.

तू कुठे आहेस हे रिचेंद सांगत नाही. म्हणते, पत्र पोचवीन, पुढचं बाई ठरवेल. परत ये. किंवा मला बोलाव. किंवा शाप दे, पण काहीतरी पाठव.

एमेरिक


सेंट मार्टिनच्या सणानंतरचा गुरुवार, नोव्हेंबर १२३२

एमेरिक यांस,

तुमचं पत्र काल मिळालं. रिचेंदचे पाय दुखत असल्यामुळे उशीर झाला. आत्याबाईंबद्दलचा भाग मी वाचला आणि मग दिवसभर काही वाचू शकले नाही.

हे पत्रही मी स्वतः लिहिते आहे. कोणाकडून लिहून घेऊन नाही, आणि दातांत लेखणी धरूनही नाही. कसं ते सांगते. तुम्हाला खरं वाटलं नाही तरी चालेल.

इथे सिस्टर्सच्या धर्मशाळेमागे डोंगरातून झरा येतो, खाली खोल कुंड आहे. जूनमध्ये एका दुपारी मी पाणी प्यायला वाकले. ओदोन छातीशी बांधलेला होता. गाठ मी दातांनी मारत असे, ती सुटली. तो पाण्यात गेला. ओरडले नाही. दोन्ही थोटे हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले. हात नसलेल्या बाईने पाण्यात काय शोधावं, हा विचारही आला नाही. त्याच्या दुपट्याची कड मला लागली. लागली म्हणजे बोटांना लागली. मी ती मुठीत धरली आणि त्याला वर काढलं. तो रडायला लागल्यावर मी त्याची पाठ थोपटली, आणि थोपटता थोपटता माझं लक्ष गेलं की मी कशाने थोपटते आहे.

सिस्टर्सनी घंटा वाजवली. सेंट जॉनच्या सणाचा दुसरा दिवस होता तो. ती घंटा वाजत होती तेव्हा तिकडे काय चाललं होतं, हे तुमच्या पत्राने काल कळलं. त्याचा अर्थ मी लावत नाही. लावला तर हे हात मला वापरता येणार नाहीत.

पहिल्या पत्राबद्दल मी तुम्हाला कधीच दोष दिला नाही. दुसऱ्याबद्दल काय करायचं ते मला अजून ठाऊक नाही. आत्याबाई असत्या तर तुम्हाला शिव्या दिल्या असत्या आणि मग जेवायला वाढलं असतं. मी त्यांच्याइतकी चांगली नाही.

आता जे सांगते ते नीट वाचा. तुमचं पत्र येण्याच्या नऊ दिवस आधी दोन घोडेस्वार इथे आले. घोड्यांना दाणा मागितला, सिस्टर्सना मधाचं मडकं दिलं. म्हणाले, "आमच्या बाईसाहेब सुनेला शोधताहेत. फार काळजीत आहेत. हात नसलेली बाई, बरोबर तान्हं मूल. इथे आहे?" मी चार पावलांवर मुलाला कडेवर घेऊन उभी होते, दुसऱ्या हातात बादली होती. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "बिनहाताची बाई इथे नाही." त्या खोटं बोलल्या नाहीत. स्वारांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं. मी त्यांना पाणी ओतून दिलं. ते पुढच्या धर्मशाळेकडे गेले. तुमचे दोन पहारेकरी लाकोम्बच्या कोणत्या दाराशी बसतात, ते एकदा बघून या.

म्हणून मी परत येणार नाही. तुमच्या आई त्या खोलीत सूत कातत आहेत तोवर तर नाहीच. आणि यापुढे मला पत्र लिहू नका. तुमच्या हातचं, तुमच्या मुद्रेचं, कसलंही पत्र आलं तरी मी ते उघडणार नाही, चुलीत घालीन. रिचेंदला आता सगळं सांगायची मोकळीक दिली आहे. बोलायचं असेल तर तिच्या मागून स्वतः चालत या, एकटे. तिला उताराला त्रास होतो, तेव्हा घाई करू नका.

इथे तीन दिवसांपासून बर्फ पडतंय. आज सकाळी खालच्या वळणावर पुन्हा दोन घोड्यांचे माग दिसले.

फ्लोरी